फॉइलमधले ब्लीच बाहेर का येते?

केसांच्या काही निवडक बटा फिकट करायच्या आणि बाकीचे केस तसेच ठेवायचे, या प्रकाराला हायलाइट्स म्हणतात. शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही आता पार्लरमध्ये हे काम होते. रीत साधी आहे. शेपटीच्या कंगव्याने एक पातळ बट वेगळी काढायची, तिच्याखाली अ‍ॅल्युमिनिअमच्या फॉइलचा तुकडा ठेवायचा, बटेवर ब्रशने ब्लीचचा लेप लावायचा आणि फॉइलची घडी घालून पुडी करायची. अर्ध्या-पाऊण तासाने पुडी उघडून केस धुवायचे.

या कामात एक अडचण वारंवार येते. पुडी नीट बंद केलेली असूनही लेप मुळाच्या बाजूने बाहेर झिरपतो आणि शेजारच्या, रंग न बदलायच्या केसांना लागतो. काळ्या केसांवर मुळाशी नारिंगी ठिपके उमटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या केसांत मुळाशी पडलेला ठिपका टोकापर्यंत सरकून कापला जायला अडीच वर्षे लागतात. वरून रंग देऊन तो झाकता येतो, पण गेलेला नैसर्गिक रंग परत येत नाही. लेप डोक्याच्या कातडीवर राहिला तर जखम होते. अशा रासायनिक भाजण्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या वर्गातल्या काही मुली आणि मुलगे उद्या याच व्यवसायात जाणार आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहेच. तेथे ‘असे करा, तसे करू नका’ हे शिकवले जाते. पण ‘का’ याचे उत्तर विज्ञानाच्या तासालाच मिळू शकते. दुसरे कारण असे, की या हातभर पुडीत ऑक्सिडीकरण, वायूची निर्मिती, उष्मादायी अभिक्रिया, श्यानता आणि केशाकर्षण हे पाठ्यपुस्तकातले पाच विषय एकत्र नांदतात. एरवी ते पाच वेगळ्या धड्यांत येतात आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे मुलांना कळतच नाही.

लेपात काय असते?

लेप दोन पदार्थ मिसळून तयार होतो. एक पांढरी किंवा निळसर पूड आणि दुसरा ‘डेव्हलपर’ नावाचा दुधासारखा द्रव.

डेव्हलपर म्हणजे मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाण्यातले द्रावण. हे संयुग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई झाक तेनार यांनी १८१८ मध्ये शोधले. ते आम्लधर्मी द्रावणात बराच काळ टिकते. म्हणून बाटलीतल्या डेव्हलपरचा सामू ३ ते ४ च्या आसपास ठेवलेला असतो.

पुडीत अमोनिअम, पोटॅशिअम किंवा सोडिअम यांची परसल्फेटे असतात. ती तीव्र ऑक्सिडीकारक आहेत. त्यांच्या जोडीला सोडिअम सिलिकेटासारखा अल्कधर्मी पदार्थ असतो. शिवाय गवार गोंद, झँथान गोंद किंवा सेल्युलोजपासून केलेला एखादा दाटपणा आणणारा पदार्थ असतो. पूड आणि द्रव एकत्र होताच सामू ३-४ वरून १० च्या आसपास जातो. बाटलीत शांत बसलेले पेरॉक्साइड येथे अस्थिर होते. म्हणजे ब्रश केसाला लागण्यापूर्वीच, वाटीत असतानाच, घड्याळ सुरू झालेले असते.

केसात काय घडते?

केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकी. बाहेरून त्याला कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवले असतात. आतल्या गाभ्यात केराटिन या प्रथिनाचे धागे आणि त्यांत विखुरलेले मेलॅनिनचे कण असतात. केसाचा रंग या कणांचा. मेलॅनिन दोन प्रकारचे असते : काळे-तपकिरी युमेलॅनिन आणि लालसर-पिवळे फिओमेलॅनिन.

अल्कधर्मी लेपात केस फुगतो, खवले उचलले जातात आणि पेरॉक्साइड आत शिरते. ते आणि परसल्फेट मिळून मेलॅनिनचे रेणू तोडतात. युमेलॅनिन आधी तुटते, फिओमेलॅनिन जास्त चिवट. त्यामुळे काळा केस एकदम पिवळा होत नाही. तो आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा होतो. झिरपलेल्या ब्लीचचा ठिपका नारिंगी का दिसतो, हे यावरून कळेल. तेथे लेप थोडाच वेळ, थोडाच लागलेला असतो आणि प्रवास अर्ध्यावर थांबलेला असतो. आपल्याकडच्या काळ्याभोर केसांवर तो ठिपका जास्त उठून दिसतो. शिवाय काळा केस फिकट व्हायला वेळ जास्त लागतो. वेळ जास्त म्हणजे झिरपण्याची संधीही जास्त.

ऑक्सिडीकरण मेलॅनिनपाशी थांबत नाही. केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे गंधकाचे डायसल्फाइड बंधही काही प्रमाणात तुटतात आणि त्यांचे रूपांतर सिस्टेइक आम्लात होते. हे बंध पुन्हा जुळत नाहीत. ब्लीच केलेला केस ओला असताना सहज ताणला जातो आणि तुटतो, तो यामुळे.

वीस व्हॉल्यूम म्हणजे किती?

पार्लरमध्ये डेव्हलपरची तीव्रता ‘१० व्हॉल्यूम’, ‘२० व्हॉल्यूम’, ‘३० व्हॉल्यूम’, ‘४० व्हॉल्यूम’ अशी सांगतात. बाटलीवर त्याच क्रमाने ३, ६, ९ आणि १२ टक्के असे आकडे असतात. या दोन मोजमापांचा संबंध दहावीच्या मुलांना फळ्यावर काढता येतो.

पेरॉक्साइडच्या दोन रेणूंचे अपघटन झाले, की पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो. ६ टक्के द्रावणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ६० ग्रॅम पेरॉक्साइड असते. त्याचे रेणुवस्तुमान ३४. म्हणजे ६० भागिले ३४, सुमारे १.७६ मोल. त्यापासून ऑक्सिजन मिळणार निम्मा, ०.८८ मोल. एक मोल वायू शून्य अंश सेल्सिअसला आणि वातावरणाच्या दाबाला २२.४ लिटर जागा व्यापतो. गुणाकार केला की १९.७ लिटर, म्हणजे जवळजवळ २० लिटर. एका लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन! ‘२० व्हॉल्यूम’ याचा अर्थ इतकाच.

आता हा हिशेब एका पुडीला लावू. समजा, एका बटेवर ६ ग्रॅम लेप लागला आणि त्यात २ ग्रॅम पूड व ४ मिलिलिटर डेव्हलपर आहे. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा असेल, तर त्यातून जास्तीत जास्त ८० मिलिलिटर ऑक्सिजन निघू शकतो. सगळा निघत नाही. पेरॉक्साइडचा काही भाग केसाशी अभिक्रिया करण्यात खर्च होतो, काही तसाच उरतो. पण त्याचा दहावा हिस्सा जरी वायू झाला, तरी ८ मिलिलिटर होतात. मूळ लेपाचे आकारमान ५-६ मिलिलिटर. म्हणजे बुडबुडे लेपातच अडकून राहिले, तर त्याचे आकारमान दुपटीच्या पुढे जाईल. ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेतला, तर हाच आकडा आणखी दुप्पट.

उन्हाळ्यात इडलीचे पीठ रात्रीतून पातेल्याबाहेर येते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पातेले काठोकाठ भरलेले असेल, तर ओटा पुसायला लागतोच. फॉइलच्या पुडीत घडते ते हेच. फरक इतकाच, की पिठात वायू जंतू तयार करतात आणि येथे रासायनिक अभिक्रिया.

पुडीची चौथी बाजू

आता पुडीचा आकार डोळ्यांपुढे आणा. खालून घडी घातलेली आहे, डावी-उजवी बाजू आत दुमडलेली आहे. राहिली चौथी बाजू, डोक्याकडची. तेथून केस बाहेर येतात आणि कातडीत शिरतात. ती बाजू पूर्ण बंद करता येणे शक्यच नाही.

म्हणजे तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी, आणि आत फुगत जाणारा लेप. त्याला बाहेर पडायला एकच वाट आहे आणि ती नेमकी तेथे आहे, जेथे लेप अजिबात नको. ब्लीच मुळाशीच का झिरपते, टोकाशी का नाही, याचे उत्तर या रचनेत आहे. काम करणाऱ्या ताईंचा हात कितीही सफाईदार असो, पुडी पूर्ण भरली की फुगलेला लेप चौथ्या बाजूने येणारच. यातून पहिला नियम निघतो : पुडीच्या आत, मुळाच्या बाजूला, रिकामी जागा ठेवलीच पाहिजे. करंजीत सारण भरताना कडेला जागा सोडतात आणि सारण दाबून भरत नाहीत, तसेच.

मग फॉइल लावायचीच कशाला? उघड्यावर लेप वाळतो आणि वाळला की काम थांबते, कारण अभिक्रियेला पाणी लागते. फॉइल लेप ओला ठेवते, डोक्याची ऊब धरून ठेवते आणि शेजारच्या केसांपासून बट वेगळी ठेवते. फॉइलचा जो गुण, तोच तिचा दोष. बंदिस्त जागेत लेप ओला राहतो, म्हणून तो वाहूही शकतो.

केशाकर्षण, शब्दशः

बाहेर येण्याचे दुसरे कारण वायूचे नाही, द्रवाचे आहे. बारीक नळीत द्रव आपोआप वर चढतो, त्याला आपण केशाकर्षण म्हणतो. नळी केसासारखी बारीक, म्हणून हे नाव. येथे मात्र प्रत्यक्ष केसच आहेत. एकमेकांना चिकटलेल्या केसांमधल्या फटी म्हणजे शेकडो बारीक नळ्याच.

नळी जितकी बारीक, तितका द्रव जास्त उंच चढतो. स्वच्छ काचेच्या अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. त्रिज्या त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी केली, तर सुमारे ३० सेंटिमीटर. अर्थात ब्लीचचा लेप म्हणजे पाणी नव्हे. द्रव किती वेगाने चढेल हे श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, अवलंबून असते. श्यानता दसपट केली, तर तेवढेच अंतर जायला दसपट वेळ लागतो. लेप दाट असेल, तर अर्ध्या तासात तो फटींतून फार दूर जात नाही.

पण लेप सगळा सारखाच दाट राहत नाही. दह्याला जसे पाणी सुटते, तसे पातळ कालवलेल्या किंवा नीट न घोटलेल्या लेपाला पाणी सुटते. ते पातळ पाणी पेरॉक्साइडने भरलेले असते आणि केसांच्या फटींतून थेट मुळाकडे चालू लागते. पुडी स्वच्छ दिसत असताना मुळाशी ठिपका आलेला असतो, तो बहुधा या सुटलेल्या पाण्याचा. केस आधीच ओले असतील, तर काम आणखी सोपे. फटी पाण्याने भरलेल्याच असतात, लेप त्यात मिसळून पसरतो.

दाटपणाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मध आणि श्रीखंड दोन्ही दाट, पण मध ताटात पसरतो आणि श्रीखंड वाढले तेथे ढिगासारखे राहते. श्रीखंड वाहायला काही किमान जोर लावावा लागतो. त्याहून कमी जोर असेल, तर ते स्थिर राहते. ब्लीचचा लेप श्रीखंडाच्या जातीचा हवा. ब्रश फिरवताना तो सहज पसरावा, ब्रश उचलला की जागेवर थांबावा.

उपाय आणि त्यामागची कारणे

आता झिरपणे टाळण्याचे जे नियम आहेत, ते एकेक घेऊ. प्रत्येकाचे मूळ वरच्या विवेचनात सापडेल.

लेप मोजून कालवावा. पूड आणि डेव्हलपर यांचे प्रमाण पुडीवर छापलेले असते. ते बहुधा एकास दीड किंवा एकास दोन असते. फॉइलच्या कामासाठी छापील मर्यादेतले दाट प्रमाण घ्यावे. अंदाजाने ओतण्यापेक्षा छोटा वजनकाटा बरा. घोटून झाल्यावर मिनिटभर थांबावे, म्हणजे गोंद पाणी शोषून घेतो आणि खरा दाटपणा कळतो. ब्रश लेपात बुडवून उलटा धरला असता लेप ओघळता कामा नये. वाटी धातूची नको, प्लॅस्टिकची हवी. लेप एकदम सगळ्या डोक्यासाठी न कालवता थोडा थोडा कालवावा. वाटीत अर्धा तास राहिलेला लेप फुगून हलका झालेला असतो आणि त्याचा जोरही कमी झालेला असतो.

तीव्र डेव्हलपरने घाई करू नये. २० व्हॉल्यूमच्या लेपाला वेळ जास्त लागतो, पण तो हळू फुगतो आणि त्याच्याकडे लक्ष ठेवता येते. ४० व्हॉल्यूमच्या लेपात वायू आणि उष्णता दोन्ही दुप्पट.

केस कोरडे हवेत आणि बट पातळ हवी. जाड बटेला आतपर्यंत भिजवायला लेप जास्त लागतो आणि पुडी भरून जाते. बट काढताना कंगव्याच्या शेपटीने तिची सीमा सरळ काढावी. दोन-चार चुकार केस फॉइलच्या कडेवरून आडवे गेले, तर तेच द्रवाला बाहेर जायला पूल होतात.

लेप सगळीकडे सारखा लावू नये. सुरुवात मुळापासून न करता थोडी खाली, बटेच्या मध्यावर करावी. तेथे आणि टोकांना लेप भरपूर लागावा. मग ब्रश वाटीच्या काठाला पुसून घ्यावा आणि उरलेल्या थोड्या लेपाने हलक्या हाताने मुळाकडे जावे. फॉइलच्या वरच्या कडेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर जागा कोरडी सोडावी. डोक्याच्या उबेने मुळाजवळ अभिक्रिया वेगाने होते, त्यामुळे तेथे लेप कमी असला तरी चालतो. केस पूर्ण झाकले जावेत, पण फॉइलवर लेपाचा गोळा राहू नये. गोळा केसाच्या कामाचा नाही, तो फक्त फुगतो.

फॉइलची वरची कड आधीच अर्धा सेंटिमीटर दुमडून घ्यावी. ती कडक होते, कंगव्याच्या शेपटीवर नीट बसते आणि कातडीला चिकटून धरता येते. घडी घालताना खालची कड वर आणून ती वरच्या कडेच्या थोडी अलीकडेच थांबवावी. बाजू एकेकदा आत दुमडाव्यात. घडीच्या रेषेवर कंगव्याची शेपटी फिरवावी, पण लेप असलेल्या भागावर बोट दाबू नये. दाबले, तर टूथपेस्टच्या नळीसारखे होते. पुडीवर क्लिप लावायची असेल, तर ती कडेला, लेपावर नव्हे.

पुडी शक्यतो खाली लोंबती राहू द्यावी. तेव्हा मूळ वर आणि लेप खाली असतो, गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूला असते. मागच्या बाजूच्या पुड्या वर उलटवून बांधल्या, की मूळ खाली जाते आणि सुटलेले पाणी उताराने तिकडे येते. पुड्यांचा एकमेकींवर ढीग झाला, तर खालच्या पुड्यांवर भार पडतो. ड्रायरची गरम हवा सोडू नये. उष्णतेने वायू वेगाने निघतो आणि लेप पातळही होतो, म्हणजे झिरपण्याची दोन्ही कारणे एकदम बळावतात.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो : फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवायची की बाहेर? त्याने काही फरक पडत नाही. पातळ फॉइल तयार करताना शेवटच्या फेरीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांतून काढतात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकींना लागलेल्या बाजू मंद राहतात, एवढेच. नक्षी उठवलेली फॉइल मात्र उपयोगी पडते, कारण तिच्यावरून बट घसरत नाही.

एवढे करूनही पुडी फुगलेली दिसली, तर ती उघडून जादा लेप काढावा आणि पुन्हा घडी घालावी. मुळाशी लेप आला असेल, तर ओलसर कापसाने पुडीच्या दिशेने पुसून घ्यावा. पाणी ओतू नये, त्याने लेप पातळ होऊन पसरतो. पण कातडीची आग होत असेल, तर ठिपक्यांचा विचार बाजूला ठेवावा. लगेच सगळ्या पुड्या काढून भरपूर साध्या पाण्याने डोके धुवावे आणि फोड आले तर डॉक्टरांकडे जावे.

लोखंडी कढईतली मेंदी

आपल्याकडे मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात भिजवायची रीत आहे. त्याने मेंदीचा रंग गडद होतो, कारण लोहाचे अंश मेंदीत उतरतात. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या काही रंगांतही धातूंचे क्षार असतात. बोअरच्या पाण्यातून लोह आणि तांब्याच्या नळांतून तांबे केसांवर साचू शकते.

लोह आणि तांबे ही पेरॉक्साइडच्या अपघटनाची उत्प्रेरके आहेत. जी अभिक्रिया अर्ध्या तासात रमतगमत व्हायची, ती काही मिनिटांत होऊ शकते. एक मोल पेरॉक्साइडच्या अपघटनात सुमारे ९८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आपल्या ६ ग्रॅम लेपाच्या पुडीचा हिशेब केला आणि सगळे पेरॉक्साइड एकदम अपघटित होऊन उष्णता बाहेर न जाता लेपातच राहिली असे धरले, तर तापमान सुमारे ३० अंशांनी वाढेल. डोक्याच्या उबेत ते मिळवा. १२ टक्के डेव्हलपर असेल, तर वाढ याच्या दुप्पट. ही कमाल मर्यादा आहे हे खरे, पण कातडी भाजायला एवढे लागतही नाही.

म्हणून ब्लीच करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : ‘मेंदी लावता का? कशात भिजवता?’ आणि मग विंचरताना निघालेले किंवा कापलेले चार केस वाटीत थोड्या लेपात अर्धा तास ठेवून पाहावे. लेप तापला, फसफसला किंवा केस तुटू लागले, तर त्या डोक्यावर ब्लीच करू नये. पाच रुपयांचाही खर्च नसलेली ही चाचणी आहे.

वर्गात करून पाहा

ब्लीच वर्गात आणू नये, त्याची गरजही नाही. झिरपण्याचे तत्त्व स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी तपासता येते.

काळ्या लोकरीचे वीतभर लांबीचे वीस-पंचवीस धागे एका टोकाशी बांधून त्यांची ‘बट’ करा. मैदा पाण्यात श्रीखंडाइतका दाट कालवा, त्यात खाण्याचा रंग आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा घ्या. बांधलेले टोक फॉइलच्या बाहेर ठेवून बट त्यावर पसरा. आता मिश्रणात थोडा लिंबाचा रस घालून चटकन ढवळा, लगेच बटेवर लावा, पुडी करा आणि ती टिपकागदावर आडवी ठेवा. सोडा आणि लिंबू यांपासून कार्बन डायऑक्साइड निघेल, मिश्रण फुगेल. दहा मिनिटांनी उघड्या बाजूजवळ टिपकागदावर किती लांबीचा डाग पडला, ते पट्टीने मोजा.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. एका गटाने कोरडी जागा शून्य, अर्धा आणि एक सेंटिमीटर ठेवून पाहावी. दुसऱ्याने मिश्रणाचे प्रमाण एक चमचा आणि दोन चमचे घ्यावे. तिसऱ्याने मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके पातळ करावे. चौथ्याने पुडीखाली कोमट पाण्याचा डबा ठेवावा. पाचव्याने लोकर आधी ओली करावी. सहाव्या गटाने लिंबू आणि सोडा दोन्ही वगळावे. वायू नसताना केवळ केशाकर्षणाने किती झिरपते, ते त्यांना कळेल. सगळ्यांची मोजमापे एका तक्त्यात मांडली, की कोणते कारण किती मोठे हे मुले स्वतःच सांगतील.

काम करणारे हात

शेवटी, ज्या ताई आणि दादा दिवसभर हे काम करतात, त्यांच्याविषयी. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर लेप अर्धा तास असतो, त्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध असतो. परसल्फेटची पूड श्वासावाटे गेल्याने केशकर्तन व्यवसायातल्या लोकांना दमा होतो आणि हातांना त्वचेची अ‍ॅलर्जी होते, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. एकदा अ‍ॅलर्जी जडली, की पुढे थोड्याशा पुडीनेही त्रास होतो आणि शिकलेला धंदा सोडायची पाळी येते. म्हणून पूड वाटीत उंचावरून ओतू नये, खिडकी उघडी असावी, हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत. धूळ न उडणारी पूड मिळते, ती घ्यावी. उरलेला लेप झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नये. वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. वीस व्हॉल्यूमचा हिशेब ज्याने एकदा स्वतः केला आहे, त्याला ही शेवटची सूचना पुन्हा सांगावी लागत नाही.

जमल्यास गावातल्या एखाद्या पार्लरच्या ताईंना या तासाला जरूर बोलवावे. लेप किती दाट हवा, हे त्यांना हाताने कळते. किती सेंटिमीटर जागा सोडली तर डाग पडत नाही, हे मुलांच्या तक्त्यात असेल. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे आणि वर्गात काय आढळले ते आम्हांला अवश्य कळवावे.